इरकली काठाची कुळकथा

लातूरच्या गंजगोलाईला 16 रस्ते येऊन मिळतात, आणि लग्नसराईच्या दिवसांत त्या सोळाही रस्त्यांनी बायामाणसांचा लोंढा कापडाच्या दुकानांकडे वाहत असतो. अशा एखाद्या दुकानाच्या बैठकीकडे क्षणभर लक्ष दिले, तर एक गंमत श्रोत्यांच्या ध्यानात आल्यावाचून राहणार नाही. आजी, आई आणि नात अशा तिघी ओळीने बसलेल्या असतात. आजीपुढे दुकानदार हलके, न चुरगळणारे, कृत्रिम धाग्याचे पातळ टाकतो. आईची दृष्टी जरीवर खिळलेली असते. कॉलेजात शिकणारी नात मात्र म्हणते, ‘मला इरकल दाखवा, आणि त्यावर खणाचा ब्लाउज.’ जे लुगडे आजीने ज्वारीच्या रानात उभा जन्म झिजविले, जे सुनेने खेडवळ म्हणून पेटीच्या तळाशी घातले, ते आज नातीला अगदी ताजे वाटते. आणि त्याची किंमत ऐकून आजी तोंडात बोट घालते.

ही आवड नातीला कोणी लावली? विचारल्यास बहुतेक मुली सिनेमाचे नाव सांगतील. 2015 च्या डिसेंबरात ‘बाजीराव मस्तानी’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला आणि त्यातील काशीबाईंच्या नऊवारीने व नथीने तरुण मुलींस वेड लावले, ही गोष्ट खरी आहे. परंतु सिनेमाने वळण निर्माण केले असे म्हणणे म्हणजे आरशाने चेहरा निर्माण केला असे म्हणण्यासारखे होय. वेषाची कुळकथा शोधू गेल्यास प्रत्येक वळणाच्या मुळाशी एखादी स्त्री उभी असलेली दिसते, आणि ते वळण तिने हौसेखातर नव्हे, तर काही नडीपोटी पत्करलेले असते. पुढे नड विसरली जाते व वळण तेवढे उरते. नांदेड आणि लातूर ह्या दोन जिल्ह्यांत ही कुळकथा विशेष स्पष्ट वाचता येते. कारण येथे कानडी, तेलुगु, उर्दू आणि मराठी अशा चारी बाजूंचे वारे एकाच पदरावरून वाहिले आहेत.

प्रथम इरकलच पाहू. इलकल हे गाव कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात आहे; मराठी जिभेने त्याचे इरकल केले. चोळीचा खण ज्या गुळेदगुड्ड गावचा, तेही त्याच जिल्ह्यात. लातूर जिल्ह्यातील उदगीर व निलंगा हे तालुके 1956 च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत बिदर जिल्ह्यात होते, आणि खुद्द लातूर 1982 च्या 15 ऑगस्टपर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यातील एक तालुका होता. तेव्हा कानडी मुलखातले लुगडे येथे परके म्हणून कधी आलेच नाही. भाषेची सीमा नकाशावर रेघ ओढून दाखविता येते. लुगड्याची तशी दाखविता येत नाही. नांदेडच्या पूर्वेकडे, देगलूर-बिलोलीच्या अंगाला, हाच मान नारायणपेठीचा. नारायणपेठ आज तेलंगणात आहे. त्या काळी हे सगळे एकाच हैदराबाद संस्थानात नांदत होते.

इरकली लुगड्याची घडण मोठी विचारपूर्वक झालेली आहे. अंग सुती, काठ रेशमी आणि पदर तांबड्या रेशमाचा, त्यावर पांढरी नक्षी. ह्या पदरास ‘टोपतेनी’ म्हणतात. कानडीत तेनी म्हणजे ज्वारीचे कणीस. पदरावर कणसे असतात, किल्ल्याच्या तटाचे कंगोरे असतात आणि फणीचे दातही असतात; म्हणजे शेतकरणीच्या डोळ्यांपुढे जे रोज असते तेच तिच्या खांद्यावर. ज्वारीच्या मुलखातील बाईने ज्वारीचे कणीस मिरवावे ह्यात नवल ते काय! पण खरे कसब पदर जोडण्यात आहे. पदराचा ताणा निराळा व अंगाचा निराळा. दोहोंच्या धाग्यांच्या टोकांना फासे करून एकेक फासा दुसऱ्यात हाताने अडकवितात. ह्या रीतीस ‘कोंडी’ म्हणतात. त्यामुळे मागावर लांबच लांब ताणा चढवून लागोपाठ लुगडी काढता येत नाहीत. प्रत्येक लुगड्याची जुळणी नव्याने करावी लागते, आणि तिला एका माणसाचे हात पुरत नाहीत.

हे लुगडे कष्टकरी बायकांनी का उचलले, ह्याचे उत्तर शेतात मिळते. सूत असल्यामुळे घाम टिपला जातो. रंग गर्द निळा, काळसर, डाळिंबी किंवा हिरवा. त्यावर मातीचा डाग दिसत नाही. पोत असे दाट की वर्षानुवर्षे धुतले तरी फाटण्याचे नाव नाही. नऊ वारांचा काच्या मारला की विहिरीच्या पायऱ्या उतरता येतात, बैलगाडीत चढता येते, खुरपणीला उकिडवे बसता येते, आणि अंग मात्र उघडे पडत नाही. डोईवर भाकरीची टोपली असली तर पदर चुंबळीखाली दाबला जातो, लेकरू असले तर त्याची झोळी होते, ऊन असले तर छत्री. सौंदर्यशास्त्रावर ग्रंथ लिहिणाऱ्यांनी असा सर्वांगी उपयोगी वेष क्वचितच पाहिला असेल. ज्या बायांनी तो घडविला त्यांची नावे कोणत्याही ग्रंथात नाहीत, त्यांची तसबीर कोणी काढली नाही. तथापि आजच्या नातीची खरी आदर्श स्त्री हीच होय, काशीबाईंचे सोंग घेतलेली नटी नव्हे.

मग हे लुगडे टाकून का दिले गेले? त्याची कथा थोडी दूरून सुरू होते.

1864 च्या सुमारास ज्ञानदानंदिनी देवी ह्या बंगाली गृहिणी आपले पती सत्येंद्रनाथ टागोर यांच्याबरोबर मुंबईस राहावयास आल्या. सत्येंद्रनाथ हे आय. सी. एस. परीक्षा उत्तीर्ण झालेले पहिले हिंदी गृहस्थ. त्या काळची बंगाली साडी घराबाहेर पडण्याजोगी नव्हती. आत परकर नाही, वर पोलके नाही. सभासंमेलनात जावे तर कशाने, ही ज्ञानदानंदिनींची नड. मुंबईस पारशी स्त्रियांची साडी त्यांनी पाहिली, तिच्यात आपल्या बुद्धीने फेरफार केला, पदर डाव्या खांद्यावर घेऊन उजवा हात मोकळा ठेवला, आत परकर-पोलके घातले, आणि हे वळण बंगालात नेले. ब्राह्मसमाजी स्त्रियांनी ते उचलले म्हणून त्यास ‘ब्राह्मिका’ असे नाव पडले. आज अवघ्या देशात जी पाचवारी साडी नेसली जाते, तिच्या घडणीत ज्या प्रवाहांचा मोठा वाटा आहे त्यांपैकी हा एक. मुंबईचे वळण कलकत्त्याला जाऊन पुन्हा मुंबईवरून आमच्या गावी उतरले, असा हा द्राविडी प्राणायाम आहे! इकडे राजा रविवर्म्याने 1894 साली मुंबईस शिळाछापाचा कारखाना काढला, आणि साडी नेसलेल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या भिंतींवर जाऊन बसल्या. देवीनेच साडी नेसल्यावर सुनेला कोण अडविणार?

ह्याच काळात एका मराठी मुलीपुढे वेषाचा प्रश्न इतका बिकट होऊन उभा राहिला की तिच्या उत्तराकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. आनंदीबाई जोशी 1883 च्या एप्रिलात कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या तेव्हा त्यांचे वय अवघे 18 वर्षांचे होते. निघण्यापूर्वी श्रीरामपूर येथील भाषणात, आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ, असे त्यांनी चारचौघांत सांगितले होते. आता पेनसिल्व्हानियाच्या थंडीत नऊवारी नेसावी तर पोटऱ्या उघड्या पडतात. गाऊन घालावा तर दिलेला शब्द मोडतो आणि पुण्यातले टीकाकार टपलेलेच. आनंदीबाईंनी मधला मार्ग काढला. गुजराती पद्धतीची, पायघोळ साडी त्यांनी स्वीकारली व वर लांब बाह्यांचे पोलके घातले. 10 ऑक्टोबर 1885 रोजी काढलेले त्यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. जपानची केइ ओकामी आपल्या किमोनोत, दमास्कसची साबात इस्लामबूली आपल्या देशी पेहरावात, आणि आनंदीबाई साडीत. तिघीही एकाच वैद्यकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी. ह्या चित्रात वेषाची मिरवणूक नाही. परक्या देशात विद्या घेताना आपले काय सोडावे व काय ठेवावे, ह्याचा तिघींनी केलेला हिशेब त्यात उमटलेला आहे. 1886 च्या मार्चमध्ये आनंदीबाईंस एम. डी. ही पदवी मिळाली, आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी, बाविसावे वर्षही पुरे होण्यापूर्वी, त्यांचा अंत झाला. आज ‘जुन्या वळणाचे’ म्हणून लांब बाह्यांचे, बंद गळ्याचे पोलके शिवून घेणाऱ्या किती मुलींस त्या बाह्यांत शिरलेली थंडी ठाऊक असेल, कोण जाणे.

नांदेडकरांची दृष्टी मात्र त्या काळी पुण्यामुंबईपेक्षा हैदराबादकडे अधिक वळलेली होती. राजधानी तेथे, कचेरी तेथे, वरचे शिक्षण तेथे, आणि गोदावरीच्या खोऱ्यातून मनमाडकडे जाणारी लोखंडी वाटही तेथूनच आलेली. 1931 च्या नोव्हेंबरात निजाम मीर उस्मान अली खान यांच्या दोन पुत्रांचे विवाह फ्रान्समधील नीस येथे झाले. थोरले आझम जाह यांच्या वधू दुर्रुशेहवार ह्या अखेरचे खलिफा अब्दुल मजीद यांच्या कन्या. 1924 साली खलिफापद रद्द झाल्यापासून ते कुटुंब परदेशी दिवस काढीत होते. धाकटे मुअज्जम जाह यांच्या वधू निलोफर ह्या त्याच उस्मानी घराण्यातल्या. दोघीही साडी नेसू लागल्या, आणि दोघीही तोंड न झाकता समारंभांस जाऊ लागल्या. ज्या दरबारात प्रतिष्ठित स्त्रीचा चेहरा दिसणे हाच अविनय समजला जाई, तेथे ही लहान गोष्ट नव्हती. निलोफरच्या झिरझिरीत वस्त्रावरील जरदोसी साड्यांची ख्याती युरोपात गेली, आणि त्यांतील काही आज न्यूयॉर्कच्या फॅशन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संग्रहालयात आहेत. लग्नाच्या मोसमात नांदेडच्या दुकानांतून जाळीच्या कापडावर कलाबतूचे नाजूक काम केलेल्या ज्या साड्या टांगलेल्या दिसतात, त्या ह्याच वळणाच्या दूरच्या नाती होत. निलोफरची साडी प्रत्यक्ष पाहण्याचा योग त्या काळी नांदेडच्या सामान्य बाईस येणे कठीणच. त्यांचे नाव तिच्यापर्यंत निराळ्या वाटेने आले. त्यांची एक दासी बाळंतपणात दगावली, त्या दुःखातून हैदराबादेस स्त्रिया व बालके यांचे रुग्णालय उभे राहिले, आणि ते आजही निलोफर याच नावाने चालते. नांदेडकडून हैदराबादेस उपचारांस जाणाऱ्यांस ते नाव चांगले परिचित आहे.

राजघराण्यांचा विषय निघालाच आहे, तर बडोद्याच्या इंदिराराजे यांस वगळता येत नाही. सयाजीराव गायकवाडांची ही कन्या 1892 साली जन्मली. ग्वाल्हेरच्या शिंद्यांशी ठरलेला विवाह तिने स्वतः मोडला, आणि 1913 साली लंडनमध्ये कुचबिहारच्या जितेंद्र नारायण यांच्याशी लग्न केले. 1922 साली वैधव्य आले. लहान मुले आणि संस्थानाचा कारभार दोन्ही अंगावर पडले. अशा स्थितीत त्यांनी फ्रान्समधून तलम शिफॉन मागवून त्याच्या साड्या नेसण्यास आरंभ केला. शिफॉनच्या साडीचा प्रघात पाडण्याचे श्रेय त्यांस दिले जाते, आणि त्यांच्या कन्या जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवी यांनी तो जगभर नेला. मराठा घराण्यातील विधवेने सौम्य रंगाच्या साध्या वस्त्रातही रुबाब ठेवावा, हे त्या काळी अनेकांस खुपले असेल. आज ‘महाराणी वळण’ म्हणून ज्या विकतात त्या साड्यांना ते खुपणे लागलेले नाही.

ह्या तलम वस्त्रांच्या अगदी उलट टोकाला खादी आहे, आणि ती तर घरचीच. 1938 साली हैदराबाद संस्थानात स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह झाला. स्वामी रामानंद तीर्थ यांच्याभोवती जमलेल्या कुटुंबांत खादी ही व्रतासारखी पाळली जाई. बारीक काठाचे पांढरे खादीचे पातळ नेसलेली शिक्षिका किंवा कार्यकर्ती हा 17 सप्टेंबर 1948 नंतरच्या मराठवाड्यात आदराचा एक नमुनाच होऊन बसला. आज राष्ट्रध्वजाचे कापड जेथे विणले जाते अशा देशातील मोजक्या ठिकाणांत उदगीरचे नाव आहे. नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीचे ते केंद्र होय. खादीची साडी आता उंची दुकानांत महागडी हौस म्हणून विकली जाते, हा भाग निराळा.

बोलपटांचा विषय थोडक्यात आटोपता येईल. 1932 च्या ‘अयोध्येचा राजा’ मध्ये दुर्गा खोटे आल्या, आणि शिकलेल्या, प्रतिष्ठित घरच्या बाईने पडद्यावर येण्यास हरकत नाही असे लोकांस वाटू लागले. धारवाडात जन्मलेल्या पदवीधर लीला चिटणीस 1941 साली साबणाच्या जाहिरातीत झळकल्या. 1960 नंतर साधना ह्या नटीच्या कपाळावरील कापलेल्या केसांनी असा धुमाकूळ घातला की त्या केशरचनेस तिचेच नाव पडले. ह्या साऱ्यांचा एकत्र परिणाम असा झाला, की नऊवारी म्हणजे म्हातारपण, आणि इरकल म्हणजे अडाणीपण, असे समीकरण शिकू लागलेल्या घरांत रुजले. मुलगी शाळेत जाऊ लागली की आईला शाळेच्या दाराशी इरकलीत येण्याचा संकोच वाटावा, हे ह्या प्रगतीचे एक दुःखद अंग होय. लुगड्याचा अपराध एवढाच की ते कष्ट करणारीच्या अंगावर होते.

तो संकोच घालविण्यास जिने सर्वांत अधिक हातभार लावला, ती स्त्री गेल्या शतकाच्या आठव्या दशकात आली. स्मिता पाटील यांचा जन्म 1955 साली पुण्यास झाला. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले, आणि पुढे थोड्याच दिवसांत त्या तेथे मराठी बातम्या वाचू लागल्या. त्यांची एक गोष्ट सर्वश्रुत आहे: स्टुडिओत येत त्या जीन्स घालून, आणि बातम्यांची वेळ झाली की त्यावरच हातमागाची साडी गुंडाळून कॅमेऱ्यापुढे बसत. त्या काळचे चित्र काळेपांढरे. साडीचा रंग प्रेक्षकांस दिसतच नसे. दिसे तो फक्त रुंद काठ, कपाळावरचे ठसठशीत कुंकू आणि सावळा, न रंगविलेला चेहरा. रंग वजा केल्यावरही जे उरते ते खरे वळण, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. पुढे ‘मंथन’ मधील दलित खेडूत स्त्री, ‘जैत रे जैत’ मधील ठाकर स्त्री आणि 1982 च्या ‘उंबरठा’ मधील घर सोडून आश्रमाचा कारभार पाहणारी सुलभा महाजन, ह्या भूमिकांतून त्यांनी सुती लुगडे-साडीला मानाचे पान दिले. 13 डिसेंबर 1986 रोजी, एकतिसाव्या वर्षी, त्या निवर्तल्या. आजही ‘स्मिता पाटीलसारखे’ म्हणून दुकानांत हातमागाची साडी मागितली जाते. त्याच सुमारास कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्यासारख्या स्त्रियांनी देशभर हातमाग व हस्तकला सांभाळण्याचे जे काम चालविले होते, त्याची जोड नसती तर मागावयास साडी शिल्लक राहिली असती की नाही, ह्याची शंकाच आहे.

जाता जाता बंजारा स्त्रियांचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे अन्यायाचे होईल. किनवट, माहूर, मुखेड ह्या नांदेडच्या तालुक्यांत तांडे पुष्कळ. आरसे, कवड्या आणि रंगीत टाके यांनी भरलेला फेटिया, पाठ मोकळी असलेली कांचळी, केसांत घुगरी, आणि हाताला खांद्यापर्यंत बलिया. हा वेष त्या स्वतः बसून भरीत. अशाच आरशांचे भरतकाम आज मुलींच्या पिशव्यांवर, जाकिटांवर, एवढेच काय पण पायताणांवरही दिसते. ते भरणाऱ्या तांड्यावरच्या बाईला मात्र तिच्या वेषावरून एसटीच्या रांगेत कोणी ‘ए’ म्हणून हाक मारतो. नात आणि तिची मैत्रीण ते ऐकतात, आणि त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत आरसे चमकत असतात.

इरकलीचेही आता काहीसे तसेच झाले आहे. नऊवारी शिंप्याकडून शिवून मिळते; काच्यासुद्धा शिवलेला, घालावयाची आणि दोन तासांनी काढावयाची. ज्या काच्याने बाईचे पाय मोकळे केले, तो शिवून टाकल्यावर मांडी घालून बसणेही अवघड होते, ही विनोदाची गोष्ट म्हणावी की खेदाची, हे ज्याचे त्याने ठरवावे. खण म्हणून जे विकले जाते त्यातले पुष्कळसे यंत्रमागावरचे, कृत्रिम धाग्याचे असते. मकरसंक्रांतीस काळ्या खणाची साडी हवी म्हणून झुंबड उडते, पण गुळेदगुड्डच्या विणकराच्या मागापर्यंत त्या झुंबडीतले चार आणेही पोहोचत नाहीत अशी स्थिती. यंत्रावर कोंडीचा जोड साधत नाही. म्हणून पदर आणि अंग एकाच ताण्यावर सरळ काढून पदरावर कणसे तेवढी उमटवितात. स्वस्त पडते, आणि दुरून फरक दिसत नाही.

गंजगोलाईच्या त्या दुकानात नातीने एक इरकल निवडलेली असते. दुकानदार ‘अस्सल हातमाग’ म्हणून शपथ वाहतो. इतका वेळ गप्प बसलेली आजी हात पुढे करते, पदर उलटा करते, जेथे तांबडे संपून निळे सुरू होते त्या रेघेवरून अंगठा फिरविते, आणि म्हणते, ‘ह्याला जोड न्हाई बाई. दुसरं दाखवा म्हणावं.’